कोड म्हणतो पेट्रोल कमी, पीयूसी म्हणते जास्त

माझ्या टेबलावर एक जुना ऑक्सिजन सेन्सर पडलाय. अंगठ्यापेक्षा जरा मोठा, मधे नटासारखी षटकोनी कंबर, एका टोकाला चार वायरींची शेपटी, दुसऱ्या टोकाला पत्र्याची टोपी. टोपीला बारीक खाचा आहेत आणि खाचांत काजळी. आटे गंजून तपकिरी झालेत. दोन ठिकाणी पाना घसरून ओरबाडल्याच्या चकचकीत खुणा दिसतात, तो माझा प्रताप. एक लाख अडतीस हजार किलोमीटर हा गडी इंजिनाच्या धुरात तोंड घालून बसला होता.

गाडी २०११ची, पेट्रोलची. पुण्यात घेतलेली, म्हणून बीएस-४. पुण्यासह तेरा शहरांत धुराच्या प्रदूषणाचं हे मानक एप्रिल २०१० मध्ये आलं, सगळ्या देशात यायला २०१७ उजाडलं. गाडीला पंधरा वर्षं भरत आली तशी मी पुनर्नोंदणीची तयारी सुरू केली आणि पहिल्याच पायरीला ठेच लागली. पीयूसीवाल्यानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडे स्थिर व्हायची वाट बघितली आणि मान हलवली. "सर, बसत नाही." बीएस-४ पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. माझा १.१ आला होता. ॲव्हरेजही सोळावरून तेरावर उतरलं होतं. डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा तर महिनाभर पेटलेलाच होता, आणि रोज बघून बघून तो दिसेनासा झाला होता.

एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१. त्याचा अर्थ मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. निदान दोन मिनिटांत झालं: ऑक्सिजन सेन्सर गेला, साडेचार हजार रुपये, संध्याकाळी गाडी न्या.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला ते काही पचेना. कार्बन मोनॉक्साइड होतो हवा कमी पडली तर. म्हणजे पीयूसीचा कागद म्हणत होता की गाडी पेट्रोल जास्त पितेय, आणि गाडीचाच कॉम्प्युटर म्हणत होता की पेट्रोल कमी पडतंय. दोघंही खरं बोलत असतील तर मधे कोणाची तरी फसगत होतेय. कोणाची, ते कळायला हा सेन्सर नेमकं काय बघतो ते आधी समजून घ्यायला हवं.

एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे लिटरमागे अकरा किलो हवा. आमच्या साताऱ्याच्या उंचीवर ती भरते जवळजवळ दहा हजार लिटर. माण-खटावला उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर येतो ना, तो भरून हवा एका लिटर पेट्रोलला लागते. इंजिनाचा कॉम्प्युटर किती हवा आत आली याचा अंदाज घेतो आणि त्या मापानं इंजेक्टर उघडून पेट्रोल सोडतो. पण अंदाज तो अंदाजच. इंजेक्टर जुने होतात, फिल्टर तुंबतो, पंपाचा दाब कमी होतो. केलेला हिशोब बरोबर आला का, हे कोणीतरी मागून तपासावं लागतं.

कऱ्हाडकडच्या गुऱ्हाळावर कधी तासभर बसला असाल तर हे तुम्ही पाहिलंय. चुलवाणाच्या तोंडाशी एक माणूस चिपाड आत ढकलत असतो. आगीत डोकावून त्याला काही कळत नाही, डोळे भाजतील. तो मान वर करून धुराड्याकडं बघतो. काळा लोट निघाला की हात आखडता घेतो, धूर विरळ झाला की आणखी दोन कवळ्या लोटतो. आग कशी जळतेय ते त्याला धुरावरून कळतं. ऑक्सिजन सेन्सरचं कामही हेच. फक्त त्याला धुराचा रंग दिसत नाही. जळून झाल्यावर धुरात ऑक्सिजन किती उरला, एवढं एकच तो मोजतो. हे "एकच" लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मोजतो कसा? पत्र्याच्या टोपीच्या आत झिर्कोनिया नावाच्या पदार्थाचं, चिनीमातीसारखं दिसणारं, टोपणाच्या आकाराचं एक भांडं असतं. बाहेरून आणि आतून त्याला प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरच्या अंगाला इंजिनाचा धूर, आतल्या अंगाला आपली साधी मोकळी हवा. तीनशे अंशांच्या वर तापलं की झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन वाट काढू लागतात. आत ऑक्सिजन भरपूर, बाहेर तुटवडा, असा फरक जितका मोठा तितकं व्होल्टेज जास्त. हे गणित जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलं. पुढं १९२० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. बॉशनं बनवलेला असा सेन्सर प्रथम १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बसला.

धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे मिश्रण रिच, पेट्रोल जास्त असेल, तर सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो. ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे लीन, तर ०.१. मधली जागा फार अरुंद आहे, १४.७ची रेघ ओलांडली की व्होल्टेज एकदम उडी मारतं. त्यामुळे जुन्या गाड्यांतला हा सेन्सर "किती" ते सांगतच नाही. "उरला" किंवा "नाही उरला", एवढे दोनच शब्द त्याला येतात. कॉम्प्युटर मग थोडं पेट्रोल वाढवतो, सेन्सर म्हणतो रिच. थोडं कमी करतो, सेन्सर म्हणतो लीन. हे चालूच राहतं. म्हणून चांगल्या सेन्सरचं व्होल्टेज स्क्रीनवर बघितलं तर ते सारखं खालीवर नाचताना दिसतं. नाचतोय तोवर ठीक. एका जागी थिजला की काहीतरी बिघडलंय, पण सेन्सरच बिघडलाय असं नाही.

एवढा आटापिटा मायलेजसाठी नाही, कॅट-कॉनसाठी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी आहे. सायलेन्सरच्या वाटेवरची ती जाळीची पेटी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळून टाकते, आणि त्याच वेळी नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेते. एकाला ऑक्सिजन द्यायचा, दुसऱ्याकडून काढायचा. ही दोन्ही कामं एकाच पेटीत फक्त त्या रेघेच्या आसपासच जमतात. मिश्रण सतत रिच राहिलं तर पेटी तापून तापून मरते, आणि तिची किंमत ऐकली की सेन्सर स्वस्त वाटू लागतो.

आता कोडं सोडवू.

मी गाडी घेऊन एमआयडीसीच्या रस्त्याला माझ्या जुन्या मेस्त्रींकडं गेलो. त्यांनी स्कॅनरला हात लावला नाही. म्हणाले, "रात्रभर हितंच ऱ्हाऊ द्या. सकाळी थंड गाडी मला ऐकायचीय." सकाळी सातला त्यांनी स्टार्टर मारला आणि बॉनेट उघडून मला म्हणाले, "ऐका." टिक-टिक-टिक असा बारीक आवाज. दोन-तीन मिनिटांत इंजिन तापलं तसा विरून गेला. गाडी बंद करून पुन्हा गार होऊ दिली. मग त्यांच्या पोरानं सायलेन्सरच्या तोंडाला ओलं फडकं दाबून धरलं, मेस्त्रींनी गाडी चालू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या पाइपाच्या, जोडावर साबणाचं पाणी मारलं, आणि एका बोल्टाशेजारी फेस फुगला. टॉर्च मारून बघितलं तर तिथं काजळीची एक काळी रेघ होती, केसाएवढी. जोडातून धूर निसटू नये म्हणून मधे बसवलेलं गॅस्केट फाटलं होतं.

धूर बाहेर पडतोय, त्याचा पेट्रोलशी काय संबंध? धूर काही नळाच्या पाण्यासारखा एकसारखा वाहत नाही. प्रत्येक सिलिंडरचा एकेक धक्का येतो, आणि दोन धक्क्यांच्या मधे पाइपात क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. तेवढ्यात त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही हवा सेन्सरच्या आधी घुसते. सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो. तो इंजिनात उरला की फटीतून शिरला, हे त्याला कुठून कळणार? तो इमानानं सांगतो, ऑक्सिजन उरलाय. कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडलं, म्हणून वाढवतो. सेन्सर पुन्हा तेच सांगतो. कॉम्प्युटर आणखी वाढवतो. वाढवायची मर्यादा संपली की हात वर करून दिवा लावतो आणि कोड लिहितो: लीन. तोवर गाडी पेट्रोल ढोसत असते आणि पीयूसीवर कार्बन मोनॉक्साइड चढत असतो. कोडही खरा, कागदही खरा.

अशीच फसगत मिसिंगमध्ये होते आणि ती आणखी मजेशीर आहे. एक स्पार्क प्लग मेला तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोल तसंच बाहेर येतं, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास मारतो. पण पेट्रोल जळलं नाही म्हणजे त्याच्या वाट्याचा ऑक्सिजनही तसाच बाहेर आला. सेन्सर म्हणणार, लीन. नाकाला रिच आणि सेन्सरला लीन असं झालं की आधी प्लग आणि कॉइल बघायची.

गॅस्केटला साडेतीनशे रुपये लागले. मजुरी वेगळी, कारण एक बोल्ट तुटला आणि तो काढण्यात मेस्त्रींची अर्धी सकाळ गेली. दिवा गेला, पीयूसी ०.१च्या खाली आली, ॲव्हरेज हळूहळू पूर्ववत झालं. नवा सेन्सर लावला असता तर काय झालं असतं? नव्या सेन्सरनंही तेच खरं सांगितलं असतं, फक्त जास्त तत्परतेनं.

कोडची भाषाच अशी आहे की माणूस फसतो. पी०१७१ मिश्रणाबद्दल बोलतो, पण गॅरेजमध्ये त्याचं भाषांतर "सेन्सर" असं होतं. धूर नीट साफ होत नाही म्हणणाऱ्या पी०४२०चं भाषांतर "कॅट-कॉन" होतं. या तक्रारी आहेत, निकाल नव्हेत. खुद्द सेन्सरबद्दलचे कोड वेगळे: पुढच्या सेन्सरचे पी०१३० पासून पी०१३५ पर्यंत, मागच्याचे पी०१३६ ते पी०१४१. यातला पी०१३३ म्हणजे सेन्सर सुस्तावलाय, पी०१३५ म्हणजे त्याच्या हीटरचा घोटाळा. पुढचा म्हणजे कॅट-कॉनच्या आधीचा, पेट्रोल ठरवणारा. मागचा कॅट-कॉननंतर बसतो आणि मुख्यतः कॅट-कॉनचीच परीक्षा घेतो. कॅट-कॉन तब्येतीत असेल तर मागच्याचं व्होल्टेज ०.६-०.७च्या आसपास शांत राहतं. पुढच्याच्या तालावर तोही नाचू लागला तर पेटीचं आयुष्य सरलं समजा. गाडी फार जुनी असेल तर मागचा सेन्सर नसतोच.

एक विषयांतर करतो, पण आपल्या भागासाठी ते महत्त्वाचं आहे. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांतून निघालेलं इथेनॉल आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, होऊन आपल्याच टाकीत येतं. इथेनॉलच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जाळायला हवा कमी लागते. किलोला साधारण नऊच किलो. ई२० साठी हे प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास उतरतं. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनानं आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. जुन्या गाडीला टाकीत काय ओतलंय हे कोणी सांगत नाही. तिला ते कळतं फक्त या सेन्सरकडून. तो धडधाकट असेल तर कॉम्प्युटर गुपचूप जुळवून घेतो. म्हातारा, सुस्त सेन्सर असेल तर ई२० वर गाडी आयडलला थरथरते, पिकअप मरतं आणि शिव्या इथेनॉलला बसतात. ई२०नं जुन्या रबरी पाइपांचं काय होतं हा वेगळा विषय, त्यात आज शिरत नाही. घाटाचंही थोडंफार असंच. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथली हवा समुद्रकाठच्या मानानं बारा-तेरा टक्के विरळ. कार्बुरेटरची गाडी वर पोचेपर्यंत रिच होऊन खोकायची. आताची खोकत नाही, त्यात या अंगठ्याएवढ्या वस्तूचाही वाटा आहे.

गॅस्केटनंतर सहा महिन्यांनी दिवा परत लागला. या वेळी पी०१३५. म्हणजे आता तक्रार खुद्द सेन्सरबद्दल होती, तरी मेस्त्री पाकीट काढू देईनात.

हीटर कशाला असतो? झिर्कोनिया तीनशे अंशांखाली मुका. पूर्वी एक-दोन वायरींचे सेन्सर असत, ते केवळ धुराच्या उष्णतेवर तापत. सिग्नलला जास्त वेळ थांबलं की गार पडत. चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन वायरी विजेच्या, आतल्या हीटरसाठी, आणि त्या बहुतेकदा एकाच रंगाच्या. एक वायर सिग्नलची, एक त्याच्या अर्थची. हीटर गेला की सकाळी गाडी बराच वेळ नुसत्या अंदाजावर पेट्रोल सोडत राहते. बसस्टँड ते राजवाडा एवढंच ज्यांचं जाणं-येणं, त्यांचा सेन्सर मग कामावर येतच नाही.

तपासणी साध्या डिजिटल मल्टिमीटरनं होते. काट्याचा जुना मीटर किंवा टेस्टरचा बल्ब सिग्नलच्या वायरीला लावू नका, त्या नाजूक सिग्नलला तो भार पेलत नाही. आधी फ्यूज बघितला, शाबूत होता. मग वायर बोटांनी चाचपत गेलो. हे वाटतं तितकं क्षुल्लक नाही. ऊसतोड झाली की रानातले उंदीर आडोसा शोधत येतात आणि बॉनेटखालची ऊब त्यांना फार आवडते. माझ्या शेजाऱ्यांचा "गेलेला" सेन्सर उंदरानं कुरतडलेली एक वायर निघाली होती. गॅस किट लावलेल्या गाड्यांत किटवाल्यानं सिग्नलची वायर सोलून जोड मारलेला असतो, तो जोड सुटतो. माझ्या वायरी ठीक होत्या. चावी ऑन करून कपलरच्या, म्हणजे सेन्सरच्या वायरी गाडीला जोडणाऱ्या खटक्याच्या, गाडीकडच्या बाजूला बारा व्होल्ट येत होते. मग सेन्सरकडच्या हीटरच्या दोन पिनांमधला रोध मोजला. गाडीगाडीनुसार आकडा बदलतो, पण थंड असताना तो थोडेसेच ओहम यायला हवा. माझ्या मीटरवर काहीच नाही. कॉइल तुटलेली.

"आता बदला," मेस्त्री म्हणाले.

हीटर ठीक असून सेन्सर सुस्त असल्याचा संशय असेल तर गाडी चांगली तापवा, स्कॅनरवर व्होल्टेज लावा आणि ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडा. दाबताना व्होल्टेज ०.८च्या वर जायला हवं आणि सोडल्यावर, पेट्रोल तुटतं तेव्हा, ०.२च्या खाली. लगेच गेलं तर सेन्सर जिवंत आहे. रेंगाळत गेलं तर म्हातारपण. हीटरवाले सेन्सर साधारण एक ते दीड लाख किलोमीटर चालतात, बिनहीटरचे त्याच्या निम्म्यावर. मोबाइलला जोडायचे स्वस्त डोंगल २०१० पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांशी बोलत नाहीत, तिथं गॅरेजचाच स्कॅनर लागतो.

सेन्सर अवेळी मेला असेल तर कशानं मेला तेही बघा, नाहीतर नवाही त्याच वाटेनं जाईल. काळी सुकी काजळी म्हणजे रिच मिश्रण. तपकिरी-राखाडी राखेचा थर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरी भुकटी असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय किंवा कोणीतरी गॅस्केटला भलतंच सिलिकॉन सीलंट फासलंय; त्याची वाफ प्लॅटिनमवर काचेसारखा थर धरते. शिसं तर याचा जुना वैरी. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं म्हणून आपल्याकडं हे सेन्सर टिकू लागले.

दुकानात गेल्यावर दोन प्रकार पुढं येतात. एक तुमच्या गाडीच्या कपलरसकट, आणि दुसरा "युनिव्हर्सल", स्वस्त, नुसत्या वायरींचा. जुना कपलर कापून त्याला जोडायचा. मी पहिलाच घ्या म्हणेन. कारण ऐकण्यासारखं आहे. सेन्सरच्या आत जी मोकळी हवा लागते असं वर म्हटलं, ती बऱ्याच सेन्सरमध्ये वायरीच्या आतून, तारांच्या मधल्या फटींतून येते. म्हणून त्या वायरींना सोल्डरचा डाग देऊन जोड मारायचा नाही आणि कपलरमध्ये ग्रीस भरायचं नाही. दोन्हींनी त्याचा श्वास कोंडतो. पार्ट नंबर गाडीच्या पुस्तकाशी जुळवून घ्या. नव्या गाड्यांतला वाइडबँड सेन्सर वेगळ्या जातीचा, तो इथं चालत नाही.

बदलणं हे काम खरं तर प्लग बदलण्याएवढंच, फक्त गंज आडवा येतो. आदल्या संध्याकाळी सेन्सरच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी गाडी पाच मिनिटं चालवून बंद करा आणि हात लावता येईल इतपत निवू द्या. कोमट असताना आटे सुटतात, पण कॅट-कॉन कित्येक शे अंश तापतं आणि घाई केली तर मनगटावर कायमची खूण राहते. बॅटरीची निगेटिव्ह काढा. कपलरची कळ दाबून सोडवा, वायर धरून ओढू नका. पाना २२ नंबरचा, आणि शक्यतो कापलेल्या तोंडाचा सॉकेट, ज्याच्या फटीतून वायर बाहेर राहते. मी साधा फिक्स पाना घेऊन भिडलो आणि दोन कडा गोल करून बसलो. त्या वर सांगितलेल्या चकचकीत खुणा. शेवटी मेस्त्रींनी सॉकेट चढवला, आधी अगदी कणभर घट्ट केलं, मग उलटं फिरवलं. कर्र असा आवाज आला. "सर, ह्यो आवाज आला की जीवात जीव येतो. आवाज न येता हलका फिरला तर समजायचं आटे गेले." आटे गेलेच तर घाबरायचं कारण नाही, अठरा बाय दीडचा टॅप मारून ते परत काढता येतात.

सेन्सर मागचा असेल आणि गाडीखाली शिरावं लागणार असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नका. स्टँड लावा. विटा नकोत.

नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा राखाडी पेस्ट लावूनच येते, तीच पुरे. लावलेली नसेल तर उष्णता सोसणारी पेस्ट आट्यांना अगदी पातळ लावा, टोपीला नाही. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर वरून कितीही धड दिसला तरी आतली माती तडकलेली असू शकते. आधी हातानं फिरवत बसवा, मग पान्यानं, साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. वायर जुन्याच वाटेनं न्या आणि जुन्याच क्लिपमध्ये अडकवा, कारण चार बोटं बाजूला तापलेला पाइप आहे.

काही गॅरेजवाले जुना सेन्सर थिनरनं किंवा पेट्रोलनं धुऊन देतात. वरची काजळी जाते आणि दोन दिवस मनाला बरं वाटतं. आत विषबाधा झालेलं प्लॅटिनम धुऊन परत येत नाही. त्याहून वाईट म्हणजे कपलर काढून टाकून "आता दिवा बंद करून देतो" म्हणणारे. जुनी गाडी विकत घेताना चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि पिवळा दिवा लागतो का बघा. लागलाच पाहिजे. नाही लागला तर कोणीतरी बल्बच काढून घेतलाय.

बॅटरी जोडल्यावर कोड पुसला. कॉम्प्युटर तेव्हा जुनं शिकलेलं विसरतो, त्यामुळे पहिले काही किलोमीटर गाडी परक्यासारखी वागली, आयडल वरखाली झालं. मी आणि मेस्त्री महामार्गानं उंब्रजपर्यंत जाऊन आलो. सलग वेग, मधे दोनदा थांबा, परत वेग. स्क्रीनवर व्होल्टेज झरझर नाचत होतं. दिवा लागला नाही.

परत येताना मला आणखी एक शंका सुचली. पुढचा बदलला, तर मागचाही त्याच वयाचा आहे, लगे हात तोही बदलून टाकावा का?

मेस्त्रींनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "तो काय बोललाय का?"

"नाही."

"मग कशाला उठवताय त्याला?"